हाती दिलेले काम

जबलपूरमधील तरुण स्वयंसेवेच्या शंभराहून अधिक वर्षांचा मागोवा

१८७० च्या मार्च महिन्यात जबलपूरला दोन लोहमार्ग एकमेकांना येऊन मिळाले. एक मुंबईहून निघालेला, ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा. दुसरा कलकत्त्याकडून आलेला, ईस्ट इंडियन रेल्वेचा. मुंबई ते कलकत्ता असा सलग आगगाडीचा मार्ग तयार झाला आणि नर्मदेकाठच्या या शहराला एकदम महत्त्व आले. लष्कराची छावणी तिथे आधीपासून होतीच. मग रेल्वेच्या वसाहती वाढल्या, १९०४ मध्ये गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली, इंग्रज आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांची संख्या वाढली. याच वस्तीत १९११ मध्ये डॉ. कलन यांनी मुलींचे एक पथक सुरू केले. भारतातील गर्ल गाइड चळवळीचा प्रारंभ त्या पथकापासून मानला जातो.

ही तारीख जगाच्या संदर्भात पाहिली तर तिचे मोल कळते. इंग्लंडात ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी मुलांचे पहिले प्रायोगिक शिबिर घेतले ते १९०७ मध्ये. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला बालवीरांचा, म्हणजे स्काउट मुलांचा, मेळावा भरला, तेव्हा काही मुली आपणहून तिथे जाऊन उभ्या राहिल्या आणि आम्हालाही यात घ्या म्हणाल्या. त्यांच्या हट्टामुळे १९१० मध्ये गर्ल गाइड संघटना जन्माला आली. पुढच्याच वर्षी तिचे पथक जबलपुरात होते. बंगळुरात कॅप्टन बेकर यांनी १९०९ मध्ये मुलांचे पथक काढले होते. पुण्याजवळची खडकी, लोणावळा, शिमला, मद्रास इथेही १९१०-११ च्या सुमारास मुलांची पथके निघाली. मुलींच्या बाबतीत मात्र जबलपूर पहिले.

आपल्याकडे शाळेत निळा गणवेश घालून, गळ्यात स्कार्फ बांधून गाइडच्या तासाला उभ्या राहिलेल्या कितीतरी बायका आज आजी झाल्या आहेत. त्यांच्या त्या तासाची भारतातली पहिली पायरी जबलपुरात होती, हे फारच थोड्यांना ठाऊक असेल.

जबलपूर मराठी माणसाला परके नाही. १८१७ पर्यंत इथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला, त्याची राजधानी नागपूर, आणि पुढची पंचाण्णव वर्षे जबलपूर व नागपूर एकाच कारभाराखाली राहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला आले. रेल्वे, संरक्षण खात्याचे कारखाने, कोर्टकचेऱ्या यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे इथे आली आणि इथलीच झाली. म्हणून या शहराची गोष्ट सांगताना वारंवार नागपूरची, पुण्याची, वर्ध्याची वाट धरावी लागते.

ही गोष्ट मी एका प्रश्नासाठी सांगतो आहे. तरुण माणूस दुसऱ्यासाठी काम करायला का उठतो? आपण उत्तर देतो, 'प्रेरणा मिळाली म्हणून.' मग प्रेरणा देण्यासाठी व्याख्याने ठेवतो, थोरांच्या जयंत्या करतो, भिंतींवर सुविचार लिहितो. जबलपूरचा इतिहास वाचताना मला वेगळाच क्रम दिसला. आधी कुणीतरी तरुणाच्या हाती खरे काम देतो, त्याच्यावर विश्वास टाकतो. काम करताकरता त्या मुलाला किंवा मुलीला आपली गरज आहे हे कळते. ज्याला आपण प्रेरणा म्हणतो ती त्यानंतर येते, आणि मग ती आयुष्यभर टिकते.

सहा-आठ जणांची तुकडी

स्काउट-गाइडच्या रचनेत या क्रमाचे उत्तम उदाहरण आहे. पथकाचे छोटे छोटे संघ पाडलेले असतात, एका संघात सहा ते आठ मुले. त्यांचा नायक त्यांच्यातलाच, बारा-चौदा वर्षांचा. शिबिरात तंबू कुठे ठोकायचा, चूल कुणी पेटवायची, पाणी कुणी आणायचे, कुणाला बरे नसेल तर त्याच्याजवळ कुणी थांबायचे, हे सगळे संघ ठरवतो. शिक्षक जवळ असतात, पण कामाचा भार मुलांवर असतो. स्वयंपाक करपला तर करपलेले जेवण सगळ्यांनी खायचे. दुसऱ्या दिवशी चुलीकडे लक्ष द्यायला कुणी सांगावे लागत नाही.

प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार अशा चढत्या पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर हाताने काही करून दाखवायचे असते. गाठी मारणे, प्रथमोपचार, होकायंत्राने दिशा शोधणे, झोळी करून जखमी माणसाला उचलून नेणे. रोज एक सत्कृत्य करायचे असा नियम. ते कुठले, हे मुलाने स्वतः शोधायचे. शोधण्यासाठी आजूबाजूला पाहावे लागते, आणि एकदा पाहायची सवय लागली की शेजारच्या आजोबांना रस्ता ओलांडता येत नाही हे दिसू लागते. ते आजोबा आधीही तिथेच होते.

'खरी कमाई' हा उपक्रम अनेक मराठी घरांच्या आठवणीत असेल. गणवेशातली मुले दारात येऊन विचारायची, 'काही काम आहे का?' सायकल पुसून दे, अंगण झाड, धान्य निवड, असे काही सांगितले जायचे. काम झाले की त्याचे थोडे पैसे मिळायचे आणि कार्डावर नोंद व्हायची. देणगी मागायची नाही, काम मागायचे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला यातून दोन गोष्टी कळायच्या. कोणतेही काम हलके नसते, आणि परक्या घराचे दार वाजवायला धीर लागतो. पुढे पूरग्रस्तांसाठी मदत गोळा करायला किंवा वस्तीत जाऊन लसीकरणाची माहिती द्यायला हाच धीर कामी येतो.

कुंपण ओलांडताना

१९११ च्या त्या पहिल्या पथकाला एक मोठी मर्यादा होती. ते गोऱ्या मुलींसाठी होते. १९१५ पर्यंत देशात गाइडची पन्नासाहून अधिक पथके झाली, तरी त्यांत भारतीय मुलगी नव्हती. सेवेची शपथ घ्यायची आणि शेजारच्या मोहल्ल्यातल्या मुलीला आत घ्यायचे नाही, ही विसंगती फार काळ टिकणार नव्हती. १९१६ मध्ये भारतीय मुलींना प्रवेश मिळाला.

मुलांच्या बाबतीत भारतीयांनी आपली वाट आपण काढली, आणि तिचे एक टोक पुण्याला पोहोचते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. समाजाचे एक आजीव सदस्य पंडित हृदयनाथ कुंझरू यांनी पंडित मदनमोहन मालवीय आणि श्रीराम बाजपेयी यांच्यासह १९१८ मध्ये अलाहाबादला सेवा समिती स्काउट संघटना उभी केली. कुंभमेळ्यातली गर्दी सांभाळणे, हरवलेल्यांना घरच्यांपर्यंत पोहोचवणे, आजाऱ्यांची शुश्रूषा करणे ही सेवा समितीची कामे. गोखल्यांना सार्वजनिक जीवनासाठी पूर्ण वेळ देणारी, शिकून तयार झालेली माणसे हवी होती. त्यांच्या शिष्याने तोच विचार बारा वर्षांच्या मुलापर्यंत नेला.

मध्य प्रांतात स्काउटच्या कामाला दीर्घकाळ वाहून घेतलेले एक मोठे नाव म्हणजे न्यायमूर्ती विवियन बोस. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले बोस या चळवळीच्या देशपातळीवरच्या नेतृत्वातही होते. स्वातंत्र्यानंतर वेगवेगळ्या संघटनांचे विलीनीकरण होऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी 'भारत स्काउट्स आणि गाइड्स' ही एक संस्था झाली. १९५१ मध्ये मुलींची संघटनाही त्यात आली. १९५६ मध्ये या संस्थेचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र सातपुड्यातल्या पचमढीला सुरू झाले.

आणि १६ ऑक्टोबर १९६६ रोजी पुण्यात 'संगम' या जागतिक गाइड केंद्राचे उद्घाटन लेडी ओलेव्ह बेडन-पॉवेल यांच्या हस्ते झाले. जगभरातल्या गाइड मुलींसाठी अशी केंद्रे मोजकीच आहेत, त्यांतले हे आशियातले. भारतातल्या गाइड चळवळीच्या प्रमुख लक्ष्मी मजुमदार यांचे त्यामागे मोठे कष्ट होते. देशोदेशीच्या तरुणी इथे येऊन राहतात आणि पुण्यातल्या सामाजिक संस्थांमध्ये काम करतात. जबलपूरच्या पथकात १९११ मध्ये भारतीय मुलीला जागा नव्हती. पंचावन्न वर्षांनी मराठी मुलुखातल्या एका शहराने साऱ्या जगातल्या मुलींना जागा दिली.

टाऊन हॉलवरचा झेंडा

छावणीच्या बाजूला गाइडची पथके वाढत असताना जुन्या जबलपुरात आणखी एक पिढी तयार होत होती. तिच्यामागे एक मराठी माणूस होता. माधवराव सप्रे यांचा जन्म १८७१ चा, दमोह जिल्ह्यातल्या पथरिया गावचा. मातृभाषा मराठी, पण लेखणी हिंदीला वाहिलेली. 'छत्तीसगढ मित्र' त्यांनी काढला, नागपूरहून 'हिंदी केसरी' चालवला, समर्थांचा दासबोध आणि टिळकांचे गीतारहस्य हिंदीत आणले. १९२० मध्ये जबलपूरहून 'कर्मवीर' निघाला तो सप्रे आणि विष्णुदत्त शुक्ल यांच्या पुढाकाराने. संपादकपद त्यांनी माखनलाल चतुर्वेदी यांच्याकडे दिले. चतुर्वेदी तेव्हा तिशीत होते. सप्र्यांना स्वतः संपादक होता आले असते. त्यांनी लायक तरुण शोधला आणि काम त्याच्या हाती सोपवले.

'कर्मवीर'भोवती जमलेल्या मंडळींत सुभद्राकुमारी चौहान आणि त्यांचे पती लक्ष्मणसिंह होते. सुभद्राकुमारींचा जन्म १६ ऑगस्ट १९०४ चा. 'झाँसी की रानी' या कवितेमुळे त्यांचे नाव घराघरांत पोहोचले, पण कवयित्री म्हणून गाजण्याआधी त्या चळवळीच्या कार्यकर्त्या होत्या. असहकाराच्या काळात या जोडप्याने खादीचा आणि काँग्रेसचा प्रचार घरोघर जाऊन केला.

१९२२ मध्ये काँग्रेसची चौकशी समिती जबलपूरला आली, तेव्हा टाऊन हॉलवर चरख्याचा झेंडा लावला गेला. त्यावरून ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले आणि सरकारने यापुढे असे होऊ देणार नाही असे ठरवले. पुढच्या वर्षी पुन्हा परवानगी मागितली, ती नाकारली गेली. १८ मार्च १९२३ हा दिवस गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावल्याचे एक वर्ष पूर्ण होण्याचा. त्या दिवशी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली मिरवणूक निघाली, तिच्यात सुभद्राकुमारी होत्या. तरुणांनी टाऊन हॉलवर चढून झेंडा फडकवला. सुंदरलाल यांना अटक होऊन सहा महिन्यांची शिक्षा झाली. सुभद्राकुमारींचे वय त्या दिवशी अठरा वर्षांचे होते.

आज अठरा वर्षांच्या मुलीला रात्री आठनंतर घराबाहेर पाठवताना आपण विचार करतो, आणि काळजी खोटीही नसते. तरी हे लक्षात घ्यावे की त्या वयात माणूस किती मोठा निर्णय पेलू शकतो. संधी मिळाली तर पेलतो.

नागपूरच्या तुरुंगातून

जबलपूरची ठिणगी नागपुरात गेली. १ मे १९२३ पासून जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली झेंडा सत्याग्रह सुरू झाला. रोज स्वयंसेवकांची छोटी तुकडी झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सच्या दिशेने निघायची आणि अटक करून घ्यायची. जमनालालजींना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेल यांनी सूत्रे हाती घेतली. विनोबांना याच सत्याग्रहात तुरुंगवास झाला. सुभद्राकुमारींनी इथेही अटक करून घेतली. सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या पहिल्या स्त्रिया मोजल्या जातात तेव्हा त्यांचे नाव अग्रभागी असते. देशभरातून तरुण येत राहिले, दीड हजारांवर लोकांना अटक झाली, आणि १८ ऑगस्टला झेंड्यासह मिरवणूक सिव्हिल लाइन्सच्या त्याच रस्त्याने गेली.

या विजयाच्या आत एक कडू अनुभव होता. तुरुंगातली सक्तमजुरी आणि हाल सोसेनात म्हणून पुष्कळ स्वयंसेवकांनी माफी लिहून देऊन सुटका करून घेतली. त्यांना दोष देणे सोपे आहे. ते उत्साहाने आले होते, पण त्यांची तयारी कुणी करून घेतली नव्हती. हुबळीच्या सेवा मंडळाची तुकडी मात्र डगमगली नाही. तिचे प्रमुख डॉ. नारायण सुब्बराव हर्डीकर. विद्यार्थिदशेत लोकमान्यांच्या प्रभावाखाली वाढलेले, अमेरिकेत शिकत असताना लाला लजपतराय यांच्याबरोबर काम केलेले. हुबळीत त्यांनी तरुणांना कवायत, शिस्त, एकत्र राहणे आणि कष्टाची कामे यांची सवय लावली होती. तीच सवय तुरुंगात उपयोगी पडली.

काँग्रेसच्या नेत्यांनी ही गोष्ट हेरली. डिसेंबर १९२३ मध्ये काकिनाडा अधिवेशनाच्या वेळी जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंसेवकांची परिषद झाली आणि हिंदुस्थानी सेवा दल स्थापन झाले. हर्डीकर त्याचे प्राण. याच परंपरेत पुढे १९४१ मध्ये महाराष्ट्रात एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दल उभे राहिले आणि साने गुरुजींनी त्याला माया लावली. संध्याकाळच्या शाखेत, कलापथकात, श्रमदानात मराठी तरुणांच्या कितीतरी पिढ्या घडल्या. त्या साखळीची एक कडी जबलपूरच्या टाऊन हॉलशी जोडलेली आहे.

हर्डीकरांचा धडा आजही तितकाच खरा आहे. उत्साह माणसाला दारापर्यंत आणतो. आत टिकायला सराव लागतो. आपण आज तरुणांना मोर्चात, शिबिरात, मॅरेथॉनमध्ये बोलावतो, पण त्यांची तयारी करून घेण्याचे काम कंटाळवाणे म्हणून टाळतो. मग पहिल्या अडचणीला ते निघून गेले की पिढीला नावे ठेवतो.

दोन रुपयांचा दवाखाना

सेवा म्हणजे गणवेश आणि झेंडाच, असे मात्र नाही. जबलपूरच्या लोकांना या विषयावर विचारले तर त्यांच्या तोंडी हमखास येणारे नाव आहे डॉ. मुनीश्वरचंद्र डावर यांचे. जन्म जानेवारी १९४६, आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबात. फाळणीनंतर कुटुंब भारतात आले. जबलपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी १९६७ मध्ये एमबीबीएस केले. १९७१ च्या युद्धकाळात ते लष्करात डॉक्टर होते, जखमी जवानांवर उपचार करत होते. १९७२ मध्ये त्यांनी जबलपूरला दवाखाना उघडला आणि तपासणीची फी ठेवली दोन रुपये.

वय तेव्हा सव्वीस. मोठ्या शहरात जाऊन नाव आणि पैसा मिळवण्याचे हेच वय असते. डॉ. डावर तिथेच बसले. फी वाढवत वाढवत अखेर वीस रुपयांपर्यंत नेली, तीही पन्नास वर्षांच्या काळात. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०२५ च्या जुलैमध्ये त्यांचे निधन झाले, तोवर एकाच कुटुंबाच्या तीन-तीन पिढ्या त्यांच्या बाकावर बसून गेल्या होत्या.

त्यांनी संस्था काढली नाही. रोज सकाळी दवाखाना उघडणे हेच त्यांचे सेवाकार्य. तरुणांना असे उदाहरण जवळून पाहायला मिळणे फार गरजेचे आहे, कारण समाजसेवा म्हटले की त्यांच्या डोळ्यांसमोर सगळे सोडून जंगलात जाणारा माणूस येतो आणि ते आपल्याला जमणार नाही म्हणून ते गप्प बसतात. आपला व्यवसाय न सोडता, आपल्या गल्लीत राहून, फक्त नफ्याची हाव थोडी आवरूनही माणूस हजारोंच्या उपयोगी पडतो. बिलाच्या धास्तीने ताप अंगावर काढणारा मजूर वीस रुपयांत वेळेवर डॉक्टरसमोर बसायचा, यात किती आजार वेळीच आटोक्यात आले असतील.

भूकंपानंतर

२२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूर हादरले. ५.८ क्षमतेचा भूकंप. जबलपूर, मंडला, सिवनी, छिंदवाडा या भागांत मिळून चाळीसच्या आसपास माणसे गेली, हजारो घरे पडली किंवा तडकली. शहराजवळच्या कोसमघाट गावाचे मोठे नुकसान झाले. दख्खनचा आणि मध्य भारताचा खडक भक्कम, इथे भूकंप कसला होतो, हा समज त्याआधी ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपाने मोडला होता. तिथे जवळपास दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली.

आपत्ती आली की तरुण धावतात. किल्लारीला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून विद्यार्थी गेले. कुणी ढिगारे उपसले, कुणी प्रेतांना अग्नी दिला. त्यांतल्या अनेकांचे आयुष्य त्या आठवड्यात बदलले. पण आपत्तीत काम केलेला कुणीही अनुभवी कार्यकर्ता सांगेल की पहिले काही दिवस मदतीची रीघ असते, कपड्यांचे ढीग पडतात, आणि नंतर गाव रिकामे होते. खरे काम तेव्हा सुरू होते. पंचनामे नीट झाले का, नुकसानभरपाईचे अर्ज भरले गेले का, एकट्या म्हातारीचे नाव यादीत आहे का, मुलांची शाळा कुठे भरते, नवे घर बांधताना भिंतीला आडवे पट्टे घातले का. यांत छायाचित्र काढण्यासारखे काही नसते.

पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने किल्लारीच्या भूकंपानंतर धाराशिव जिल्ह्यातल्या हराळीला मुक्काम ठोकला आणि मदतकार्यातून शाळा व ग्रामविकासाचे केंद्र उभे केले, ते आजही चालू आहे. मदतीला गेलेल्यांनी मागे राहायचे ठरवले म्हणून हे झाले. तरुणांना सांगायचे असेल तर हे सांगावे: पहिल्या आठवड्यात जाल तर चांगलेच, तिसऱ्या महिन्यात जाल तर अधिक चांगले.

तास भरणे आणि काम करणे

गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, देशातल्या ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन. आज 'एनएसएस' हे नाव माहीत नाही असे महाविद्यालय सापडणार नाही. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास, आणि दत्तक गावात सात दिवसांचे शिबिर, अशी तिची रचना. जबलपूरच्या राणी दुर्गावती विद्यापीठापासून मुंबई-पुण्यापर्यंत लाखो मुलांनी या शिबिरांत पहिल्यांदा खेड्यातली रात्र पाहिली, पहिल्यांदा हातात कुदळ धरली.

या योजनेविषयी मला अतिशय आस्था आहे, म्हणून तिच्यात शिरलेल्या दुखण्याविषयीही बोलले पाहिजे. पुष्कळ ठिकाणी काम मागे पडले आणि तास पुढे आले. वहीत तास भरायचे, झाडू हातात धरून फोटो काढायचा, प्रमाणपत्र घ्यायचे, सवलतीचे गुण पदरात पाडायचे. गेल्या वर्षी लावलेल्या रोपाच्याच खड्ड्यात या वर्षी पुन्हा रोप लावले जाते, कारण मधल्या काळात त्याला पाणी घालणे कुणाच्या तासांत बसत नाही. मुले हे सगळे ओळखतात. आपल्याला दिलेले काम खोटे आहे हे मुलाला कळले की सेवेवरचा त्याचा विश्वास उडतो, आणि तो परत आणणे फार कठीण असते. मुले निष्ठुर झाली आहेत असे म्हणण्याआधी आपण त्यांना दिलेले काम तपासून पाहावे.

जिथे काम खरे असते तिथे आजही मुले येतात. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळच्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली ती साठच्या दशकाच्या अखेरीस. विदर्भातला मे महिना, अंग भाजणारे ऊन, पहाटे उठून श्रमदान, दुपारी चर्चा. सुखसोयी काहीच नाहीत, तरी वर्षानुवर्षे तरुण तिथे गेले. बाबांनी डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रा काढली. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना बसवत नव्हते, आणि त्यांच्याबरोबर पस्तिशीच्या आतले शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर होते. महाराष्ट्रात आज संस्था चालवणाऱ्या पन्नाशी-साठीतल्या कार्यकर्त्यांना सुरुवात कुठे झाली विचारा. त्यांतले कितीतरी जण सोमनाथचे किंवा त्या सायकलींचे नाव घेतील.

डॉ. अभय बंग यांचे बालपण सेवाग्राममध्ये गेले आणि शिक्षण नई तालीमच्या शाळेत झाले. तिथे मुले शेतात काम करत, स्वयंपाक करत आणि त्यातूनच गणित व विज्ञान शिकत. शाळकरी वयात अभय आणि थोरले बंधू अशोक यांनी आपसात ठरवले: एकाने गावाची शेती सुधारायची, दुसऱ्याने गावाचे आरोग्य. दोघांनीही तो शब्द पाळला. बंग दांपत्याने गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था स्थापन केली आणि २००६ मध्ये 'निर्माण' हा तरुणांसाठीचा उपक्रम सुरू केला. अठरा ते अठ्ठावीस वयाच्या मुलामुलींना स्वतःच्या आयुष्याचे प्रयोजन शोधायला तो मदत करतो. त्यात शिबिरे आहेत, वाचन आहे, चर्चा आहे, पण प्रत्यक्ष काम करून पाहण्यासाठी दिलेल्या अभ्यासवृत्तीचे नाव 'कर के देखो' असे आहे. शतकापूर्वी हुबळीत हर्डीकर हेच करत होते आणि जबलपूरच्या मुली आपल्या पथकात हेच शिकत होत्या.

आपण काय करायचे

या सगळ्यातून मोठ्यांसाठी काही कामे निघतात. पालकांनी मुलाला सेवेच्या गोष्टी सांगाव्यात, पण त्याच्या आठवड्यातले दोन तास क्लासच्या तावडीतून सोडवून त्याला वस्तीतल्या अभ्यासिकेत, वृद्धाश्रमात किंवा रक्तपेढीत पाठवावे, आणि पहिल्या दिवशी सोबत जावे. शिक्षकांनी शिबिराचा कार्यक्रम स्वतः न आखता विद्यार्थ्यांना आखू द्यावा. त्यात चुका होतील, त्या होऊ द्याव्यात. संस्थाचालकांनी येणाऱ्या तरुणाला खुर्च्या मांडायला आणि पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायला ठेवू नये. एक छोटे काम पूर्णपणे त्याच्या नावावर करावे. पाच मुलांना वाचायला शिकव, या गल्लीतल्या क्षयरुग्णांची औषधे चुकत नाहीत ना ते पाहा, या विहिरीच्या पाण्याची नोंद वर्षभर ठेव. आणि वर्षाच्या शेवटी त्याला हिशेब विचारावा, कारण हिशेब विचारणे म्हणजे त्याच्या कामाला मान देणे आहे.

महापालिकेने, सरकारने करायची कामे तरुणांच्या गळ्यात मारू नयेत, हेही तितकेच महत्त्वाचे. नर्मदेच्या ग्वारीघाटावर निर्माल्य उचलणाऱ्या मुलांचे कौतुक करताना शहराचे सांडपाणी नदीत का जाते हा प्रश्न त्या मुलांना विचारू द्यावा, आणि तो विचारला म्हणून त्यांना उद्धट ठरवू नये. सुभद्राकुमारींनी प्रश्न विचारले म्हणूनच आज त्यांचा पुतळा जबलपूरला महापालिकेसमोर आहे.

तरुण वाचकांना एवढेच सांगायचे आहे. प्रेरणेची वाट पाहत बसू नका. आपल्याला समाजासाठी काय वाटते याचा शोध घेत बसण्यापेक्षा या आठवड्यात कुणाला तरी तुमचा एक तास हवा आहे, तो द्या. पुढच्या आठवड्यात त्याच ठिकाणी, त्याच वेळी पुन्हा जा. तिसऱ्यांदा जाल तेव्हा तिथे कुणीतरी तुमची वाट पाहत असेल. आणि ज्यांची तरुणाई मागे पडली आहे अशा आपण सगळ्यांनी घरातल्या, शेजारच्या, शाळेतल्या एका तरी मुलाच्या हाती एक खरे काम द्यावे, आणि ते त्याला करू द्यावे.